आठ पोरांचं यंत्र

यंत्र डोळ्यांनी न पाहता ते शिकवणारा माणूस जगात आजवर एकच झाला असावा, आणि तो माझ्या थोरल्या मावशीचा नवरा होता. आज आमच्या बऱ्हाणपुरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास आहेत, पाट्यांवर हसऱ्या मुलांची चित्रं आहेत, आणि प्रत्येक क्लासवाल्याला वाटतं की ही विद्या गावात आपणच आणली.  पण गावातला पहिला कॉम्प्युटर राजपुऱ्यात मावसाजींच्या अंगणात, कडुलिंबाखाली, विजेशिवाय चालत होता हे मी शपथेवर सांगू शकते. कारण मी त्या कॉम्प्युटरचा सातवा भाग होते.

मावसाजी सरकारी हायस्कुलात गणित शिकवत. गाव त्यांना माट्साब म्हणे, आम्ही भाचरंडं मावसाजी म्हणायचो, आणि मावशी 'अहो' म्हणे. अहो ऐकू गेलं नाही की नुसती भांडी वाजवी. वाचनालयात कधीतरी त्यांच्या हाती एक जुनं इंग्रजी मासिक पडलं. त्यात खोलीभर पसरलेल्या एका यंत्राचं चित्र होतं आणि खाली लेख होता. या यंत्राला फक्त दोन गोष्टी कळतात, 'आहे' आणि 'नाही', आणि एवढ्या भांडवलावर ते वाटेल तो हिशेब करतं, असं त्यात लिहिलं होतं. लोक पोथी वाचत नाहीत इतक्या वेळा मावसाजींनी तो लेख वाचला. शेवटी ग्रंथपालच म्हणाले, "माट्साब, घरीच घेऊन जा, दुसरं कोणी उघडत नाही." त्या दिवसापासून मावसाजींच्या मनाने घेतलं की हे यंत्र आज ना उद्या गावाबाहेर आमच्या लालबागच्या स्टेशनावर उतरणार, बैलगाडीतून गावात येणार, आणि तेव्हा आपली पोरं त्याच्यापुढे तोंडात बोट घालून उभी राहता कामा नयेत. यंत्र यायचं तेव्हा येवो, तयारी आपली असावी. पाहुणे येण्याआधी सडा घालतात तसं त्यांनी आमच्या डोक्यात शिंपायला सुरुवात केली.

या तयारीचा पहिला फटका घरच्यांना बसला. ज्याला काहीच कळत नाही त्यालाही करता येईल इतकं सोपं आणि पुरतं सांगायचं, असा मावसाजींनी पण केला होता. टांग्यात बसले की ते टांगेवाल्याला सांगत, "सरळ चला. म्हशी आडव्या आल्या तर थांबा. म्हशी गेल्या की चला. शनवाऱ्याचं गेट आलं की उजवीकडे वळा. गेट आलं नसेल तर सरळच चला." टांगेवाला वीस वर्षं त्याच रस्त्याने जात होता. तो म्हणे, "माट्साब, घोडे को भी मालूम है." त्यावर मावसाजी शांतपणे म्हणत, "घोड्याला माहीत आहे म्हणूनच तो घोडा आहे. यंत्राला माहीत नसतं." टांगेवाला पुढे त्यांना पाहिलं की म्हशींच्या वतीने स्वतःच थांबायला लागला.

मग त्यांनी मावशीचे मांडे धरले. आमच्या बाजूला पुरणाचे मांडे ज्या बाईला जमतात तिला अर्धं गाव मान देतं, आणि मावशीचे मांडे उपरण्यासारखे मऊ आणि पातळ व्हायचे. मावसाजी पाट घेऊन चुलीपुढे बसले आणि म्हणाले, मला पायरी पायरीने सांग. मावशी म्हणाली, "त्यात काय सांगू? हाताला समजतं." मावसाजी म्हणाले, "हाताला समजतं ते शब्दात आलं पाहिजे." "मग शब्दांनाच करायला सांगा ना मांडे," मावशी म्हणाली आणि खापर तापत ठेवून उठून गेली. मावसाजी हटले नाहीत. त्यांनी मावशीला पाहून पाहून नियम केले, आणि एका रविवारी ते नियम मोठ्याने म्हणत स्वतः मांडा करायला उभे राहिले. पुरण भरलं, गोळा हातावर घेतला, इथवर ठीक. पुढचा नियम होता, 'मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करत राहा.' ते करत राहिले. मांडा पंजाचा मनगटावर आला, मनगटाचा कोपरावर आला, कोपरावरून खाली लोंबायला लागला, आणि मावसाजी फिरवतच होते. मावशी दारातून बघत होती. "अहो, टाका आता खापरावर." मावसाजी घामाघूम होऊन म्हणाले, "नियमात नाही." एवढ्यात मांडा फाटला आणि पुरणासकट त्यांच्या धोतरावर पडला. आम्ही मुलं पोट धरून हसत होतो, पण मावसाजींचा चेहरा उजळला होता. "बघा पोरांनो," ते धोतर झटकत म्हणाले, "काय करायचं ते सगळे सांगतात. कुठे थांबायचं ते सांगायला माणूस विसरतो." त्या दिवशी आम्ही भाकरी खाल्ली.

बऱ्हाणपूर मागांचं गाव. सकाळी जाग येते ती खटखटीनेच. एकदा मावसाजी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका विणकर चाचांकडे घेऊन गेले. चाचांच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ वर फिरत होती आणि खाली पातळाच्या काठावर एकेक मोर उमटत होता. मावसाजींनी विचारलं की मागाला मोर कसा कळतो. चाचा म्हणाले, "उसको मोर-वोर कुछ नहीं मालूम. जहाँ छेद है वहाँ धागा उठेगा, जहाँ नहीं है वहाँ नहीं उठेगा." मावसाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आहे आणि नाही. मासिकातलं वाक्य त्यांना त्या खटखटीत ऐकू आलं आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले. चाचा घाबरले. "अरे माट्साब, इसमें रोने का क्या है? मोर पसंद नहीं आया क्या?" येताना मावसाजींनी टाकाऊ पुठ्ठ्यांचा गठ्ठा मागून आणला, आणि पुढचे कितीतरी रविवार आम्ही दाभणाने भोकं पाडत होतो आणि कोणाच्या पुठ्ठ्यात काय लिहिलंय ते ओळखत होतो. मला अजून माझं नाव भोकांत लिहिता येतं. या वयात त्याचा उपयोग काही नाही, पण सांगून ठेवते.

आणि मग ते यंत्र. मावसाजींनी आठ पोरं एका रांगेत बसवली आणि प्रत्येकाला एकच नियम दिला. खांद्यावर टिचकी बसली की, बसला असाल तर उठा. उभे असाल तर खाली बसा आणि पुढच्याला टिचकी मारा. बस, एवढंच. पुढे-मागे बघायचं नाही, मोजायचं नाही, आणि मुख्य म्हणजे अक्कल चालवायची नाही. "अक्कल मी चालवली आहे," मावसाजी म्हणत, "तुम्ही फक्त नियम पाळा." ते लोट्यात एकेक चिंचोका टाकत आणि दर चिंचोक्याला पहिल्या पोराला टिचकी मारत. रांगेत उठाबशा सुरू होत. हसू येई, गोंधळ होई, पण शेवटी मावसाजी "थांब" म्हणत, कोण उभं आहे आणि कोण बसलंय ते पाहत, आणि लोट्यात किती चिंचोके आहेत ते न मोजता सांगत. आम्ही मोजून पाहायचो. आकडा बरोबर यायचा. आमच्यापैकी कोणालाच आकडा ठाऊक नसायचा आणि तरी आम्हा सगळ्यांना मिळून तो ठाऊक असायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला होता. देवळात कधी आला नाही तसा.

प्रत्येक जागेची किंमत आधीच्या जागेच्या दुप्पट. त्यामुळे मावसाजी आम्हाला नावाने हाक मारणं विसरूनच गेले. पहिल्या जागेवर छगन होता, चुळबुळ्या, पायात स्प्रिंग असलेला. तो 'एक'. त्याला दर चिंचोक्याला हलावं लागे. त्याची आई तक्रार घेऊन आली होती की पोरगा झोपेतही उठतो-बसतो. शेवटच्या जागेवर प्रल्हाद होता. शाहपूरच्या केळीच्या बागायतदाराचा मुलगा, शिकायला मामाकडे राहिलेला, अंगाने थोराड, स्वभावाने निवांत. त्याची किंमत सगळ्यात मोठी, एकशे अठ्ठावीस, आणि त्यामुळे त्याला काम जवळजवळ नाहीच. तो केळं सोलत बसे आणि मधून मधून मला विचारे, "मी कव्हा उठू?" कारण त्याला टिचकी मारायचं काम माझं होतं. मी सातवी. माझी किंमत चौसष्ट. बाजारात, देवळात, चारचौघांत मावसाजी मला "ए चौसष्ट" अशी हाक मारत, आणि मला त्यात फार मोठं झाल्यासारखं वाटे. घरात मी चौथी मुलगी होते. तिथे माझा नंबर कोणी इतक्या कौतुकाने घेत नसे.

नियम पाळणं जमलं तेव्हा त्यांनी आम्हाला नियम करायला लावले. एकाने मालक व्हायचं आणि नियम सांगायचे, दुसऱ्याने यंत्र व्हायचं. छगनने नियम केला, 'विहिरीतून पाणी काढ आणि हंड्यात ओत', आणि हंडा भरून अंगण वाहायला लागलं तरी त्याचं यंत्र ओततच राहिलं. मावशीने झाडू उचलला तेव्हा ते यंत्र बंद पडलं. मी 'हंडा भरेपर्यंत' असं म्हणायला शिकले. प्रल्हादचा नियम छोटा होता: 'भूक आहे तोवर केळं खा.' मावसाजी त्याच्याकडे पाहतच राहिले. "शाबास. याने थांबायचं कधी ते आधी सांगितलं." प्रल्हाद ओशाळून म्हणाला, "पण माट्साब, माझी भूक तं सरतच नाही." मावसाजी त्यावर दोन दिवस विचार करत होते. नियम बरोबर असून यंत्र थांबत नाही, याला काय म्हणावं, हे मासिकात दिलेलं नव्हतं.

त्या वर्षांत नकाशे भराभर बदलत होते. आधी संस्थानं विलीन झाली. मग आमचा जुना मध्य प्रदेश मोडला, नागपूरकडचा मुलूख मुंबईला जोडला, आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. काल राजधानी नागपूर होती, आज भोपाळ. गाव जागचं हललं नाही, पण आम्ही कोण हे नव्याने ठरत होतं. सरकारी नोकरांचीही वाटणी सुरू झाली, आणि कुजबुज अशी होती की मराठी मास्तरांना तिकडे विदर्भात धाडणार. मावसाजींना जायचं नव्हतं. त्यांचं घर इथे होतं म्हणून नाही. घर काय, कुठेही मांडता येतं, असं ते म्हणत. पण रांग अर्धवट होती. अजून आम्हाला फक्त मोजता येत होतं. वजाबाकी व्हायची होती, लक्षात ठेवणं व्हायचं होतं. "पोरं अर्ध्यावर सोडून जाऊ?" ते मावशीला म्हणाले तेव्हा मी तिथेच जात्याशी बसले होते.  त्या दिवशी मावशीने स्वतःहून अंगण झाडून रांगेच्या आठ जागा चुन्याने आखून दिल्या.

हेडमास्तर भला माणूस होता. ते म्हणाले, नवे इन्स्पेक्टर येणार आहेत, भोपाळहून, त्यांच्यासमोर तुमचं काहीतरी वेगळं काम दाखवा. त्यांनी मनावर घेतलं तर इथेच ठेवतील. मावसाजींनी ठरवलं की यंत्र दाखवायचं. हायस्कूल मुलांचं, आणि मी मुलगी, हेडमास्तर चपापले. "माट्साब, मुलगी कशी चालेल इथे?" मावसाजी म्हणाले, "ती मुलगी नाही, चौसष्ट आहे. ती काढली तर सगळा हिशेब कोसळेल." हेडमास्तरांना ते पटलं की त्यांनी हात टेकले कोण जाणे, पण मी गेले. मला मावशीने नवा परकर शिवला होता.

बेत असा होता. सकाळी शाळा भरताना आम्ही फाटकाच्या आत रांगेने बसायचं. छगनचं तोंड फाटकाकडे. 'जो कोणी फाटकातून आत येईल, त्याच्यासाठी छगनने एकदा हलायचं.' बाकी नियम नेहमीचे. घंटा झाली की मावसाजी साहेबांना घेऊन येतील, "थांब" म्हणतील, आणि हजेरी न घेता सांगतील की आज शाळेत किती मुलं आली. शाळेत दोनशेच्या थोडी वर मुलं होती, आणि आठ जणांच्या रांगेत दोनशे पंचावन्नपर्यंत आकडा मावतो, तेव्हा काळजी नव्हती.

मुलं आली. छगन उठला, बसला, उठला, बसला. रांग अशी सुरेख चालली होती की मास्तर लोकही बाजूला उभे राहून बघत होते. घंटा झाली. पण साहेब उशिरा आले होते आणि हेडमास्तरांच्या खोलीत त्यांच्यापुढे माव्याची जिलेबी आली होती, आणि बऱ्हाणपूरची जिलेबी पुढे आली की कोणाचीही सरकारी घाई संपते. मावसाजींना त्यांनी आत बसवून घेतलं, नोकरी किती झाली, हिंदी कितपत येतं, असं विचारत राहिले. आम्ही उन्हात बसून राहिलो. घंटा झाली होती हे आम्हाला ऐकू आलं होतं, पण घंटा आमच्या नियमात नव्हती. थांब म्हणायला मावसाजी येणार होते, आणि ते आले नव्हते. दर रविवारी ते स्वतः समोर उभे असत, त्यामुळे थांबायचं कधी हे आम्हाला सांगून ठेवायला हवं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जगाला शिकवलं आणि स्वतः मांडा फिरवत राहिले.

तेवढ्यात बकऱ्या आल्या. शाळेच्या आवारात बोरीबाभळी होत्या आणि मोहल्ल्यातल्या बकऱ्यांना ते ठाऊक होतं. नियम 'जो कोणी' असा होता. छगनने माझ्याकडे पाहिलं, मी प्रल्हादकडे पाहिलं, पण अक्कल चालवायची नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. छगन पहिल्या बकरीला हलला. शिपाई काठी घेऊन धावला, बकऱ्या बाहेर गेल्या आणि वळून पुन्हा आत आल्या. पुन्हा हाकलल्या, पुन्हा आत. दर वेळी त्या आत येत होत्या, आणि आम्ही इमानाने मोजत होतो. छगनचे पाय लटपटायला लागले होते. नेमके त्याच वेळी साहेब आणि मावसाजी बाहेर आले, आणि साहेब रांगेच्या टोकाशी, प्रल्हादच्या शेजारी येऊन उभे राहिले.

एक बकरी आत आली. छगन उभा होता. तो बसला आणि त्याने पुढच्याला टिचकी मारली. तो बसला, त्याच्या पुढचा बसला. वाऱ्याने केळीची पानं एकामागे एक लवावीत तशी रांग लवत आली. मी बसले आणि प्रल्हादला टिचकी मारली. प्रल्हाद बसला. आता त्याने पुढच्याला टिचकी मारायची होती, आणि पुढे कोणी नव्हतंच कधी. पण आज होतं. प्रल्हादने हात लांब करून साहेबांच्या हाताला टिचकी मारली.

आम्ही आठही जण साहेबांकडे बघायला लागलो. ते उभे होते. उभे असाल तर बसायचं. साहेब बसले नाहीत.  मग साहेबांनी मावसाजींना विचारलं, "तो मास्टरजी, कुल कितने लड़के आए?" मावसाजींनी रांग पाहिली. आठही बसलेले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "शून्य, साहब."

कोणीतरी मागून खुदकलं. पण मावसाजींना हसू ऐकू येत नव्हतं. त्यांचा चेहरा मांड्याच्या दिवसासारखा उजळला होता. ते हिंदी-मराठी एक करून साहेबांना समजावायला लागले की यंत्र चुकलेलं नाही, बकऱ्यांमुळे आकडा रांगेत मावेनासा झाला, रांग छोटी पडली, नववा हवा होता. "साहब, नौवें आप थे. आप बैठ जाते... नहीं, आप बैठे होते और उठ जाते, तो जवाब सही आता." साहेबांनी रुमालाने हात पुसला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "अच्छा खेल है. बच्चों का जी बहलता है." आणि वर्ग बघायला निघून गेले. मावसाजी तिथेच उभे राहिले. बकऱ्या बोरी खात होत्या. मग त्यांनी आमच्याकडे वळून हळूच म्हटलं, "थांब." छगन जमिनीवर आडवाच झाला.

त्या 'खेळ' या शब्दाने मावसाजींना जितकं लागलं तितकं पुढे बदलीनेही लागलं नाही. शून्यामुळे बदली झाली की ती आधीच ठरलेली होती, कोणाला माहीत नाही; मला वाटतं जिलेबीच्या खोलीतच ती ठरली होती. पण पुढच्या रविवारी अंगणात ते म्हणाले, "चूक तुमची नव्हती, पोरांनो. मी थांबायचं सांगितलं नाही. यापुढे माझ्या तोंडून थांबण्याशिवाय नियम निघणार नाही." आणि उरलेले सगळे रविवार त्यांनी तो शब्द पाळला. वजाबाकी मात्र राहिलीच.

ते गेले त्या दिवशी लालबागच्या स्टेशनावर आम्ही आठही जण गेलो होतो. मावशी डब्यात बसून रडत होती आणि माझ्या आईला वरवंटा कुठे ठेवलाय ते सांगत होती. प्रल्हादने केळ्यांचा घड आणला होता. तो खिडकीतून आत जाईना, शेवटी फण्या तोडून दिल्या. मावसाजींनी आम्हाला फलाटावर रांगेने बसायला सांगितलं. लोक बघत होते. आम्ही बसलो. मावसाजी खिडकीतून वाकून म्हणाले, "शेवटचा नियम. जो कोणी तुमच्याकडे शिकायला येईल, त्याच्यासाठी एक टिचकी." गाडीने शिट्टी दिली. मी वाट पाहत होते, कारण नियम पुरा झाला नव्हता. गाडी हलली तशी मी ओरडले, "मावसाजी, थांबायचं कधी?" त्यांनी ऐकलं. ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "याच्यात थांबणं नाही, चौसष्ट." गाडी गेली. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. उठायला कोणी सांगितलं नव्हतं.

मावसाजी पुन्हा बऱ्हाणपुराला आले ते लग्नाकार्यापुरते. म्हातारपणी एकदा नागपुरात कोणत्या तरी कचेरीत त्यांना खरा कॉम्प्युटर दिसला. काचेच्या दाराआड होता, चपला काढूनही आत सोडत नव्हते. ते बाहेर उभे राहून बघत होते, आणि मग घरी आले. मावशीने विचारलं, "अहो, कसा होता?" मावसाजी म्हणाले, "चांगला होता. आपली पोरं उजवी होती." हे मावशीनेच मला सांगितलं, ते गेल्यावर. सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

मी पुढे मास्तरीण झाले. आधी धूलकोटच्या शाळेत, मग बऱ्हाणपुरात, दर वर्षी आठ पोरी रांगेत बसवल्या. मुख्याध्यापकीण बाई म्हणायच्या, हा कसला खेळ. मी पहिल्या पोरीला टिचकी मारायचे. आमची रांग मात्र विरळ होत गेली. छगन गेला, मग दुसरा, मग चौथा. बाकीचे कुठे कुठे पांगले. आता गावाजवळ आम्ही दोघंच आहोत, एका टोकाचे.

परवा प्रल्हाद शाहपूरहून आला. पाठीत वाकलाय, हातात काठी आहे, आणि सोबत दहा-बारा वर्षांची नात. शाळेत कॉम्प्युटर आहे, पण त्याला फक्त शून्य आणि एक कसं कळतं ते तिला काही केल्या समजेना. "इची मॅडम सांगू राहिली, पण इला समजतंच नाही," प्रल्हाद खुर्चीत टेकत म्हणाला. "म्हटलं, चल, चौसष्टकडं नेतो." पोरगी माझ्याकडे टकामका बघत होती, आजोबा या बाईला आकड्याने का हाक मारतात ते तिला कळेना.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला एकदम कडुलिंबाखालचं ते अंगण आठवलं, चुन्याच्या आठ जागा आठवल्या, आणि मावसाजींची इतकी आठवण आली की ट्रे खाली ठेवावा लागला. मी प्रल्हादच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं. मग काठीवर जोर देऊन, गुडघे धरून, तो हळूहळू उभा राहिला.

"अरे दादाजी, बैठो ना, चाय ठंडी हो रही है," नात म्हणाली.

"मी तं एकशे अठ्ठावीस हाय," प्रल्हाद म्हणाला. "थांब म्हटलंय का कोणी?"

आणि तो तसाच उभा राहिला.